पाळधी–जळगाव रोजची सायकल : कोणती घ्यावी आणि सामान कशावर लादावं?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी पाळधीला राहते, नोकरी जळगावात. एका बाजूचं अंतर दहा-बारा किलोमीटर. आतापर्यंत एसटी, नाहीतर मिळेल ती रिक्षा असं चाललं होतं. आता सायकलनेच जायचं, हे घरी सांगून झालंय आणि घरच्यांना पटलंही आहे.

सोबतचं सामान असं : लॅपटॉप, जेवणाचा डबा, दोन लिटर पाणी, पावसाळ्यात रेनकोट. येताना भाजीपाला. आठवड्यातून एकदा चक्कीवरून दळण. रविवारी शेतात जाते, तिकडचा शेवटचा तुकडा काळ्या मातीचा गाडरस्ता आहे. या सगळ्याला एकच सायकल हवी, दोन घेण्याची ऐपत नाही आणि ठेवायला जागाही नाही. बजेट पंधरा ते वीस हजार, बॅगा वगैरे धरून.

दुकानदाराने तीन दाखवल्या. जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली गिअरची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल. पातळ चाकाची हायब्रिड. आणि आपली नेहमीची काळी घोडा सायकल. तो एमटीबीच घ्या म्हणून मागे लागलाय. तुम्ही काय सांगाल?

तापी_भुसावळ
ताई, अभिनंदन. सायकल नंतर बघू, आधी वजनाचा हिशोब मांडा. लॅपटॉप चार्जरसकट अडीच किलो, भरलेला डबा दीड, पाणी दोन, रेनकोट आणि किरकोळ एक. म्हणजे जाताना सात. येताना डबा रिकामा, पण भाजी चार-पाच किलो. दळणाच्या दिवशी त्यात दादर ज्वारी नाहीतर गहू, दहा किलो. म्हणजे जास्तीत जास्त वीस किलोच्या आत-बाहेर.

बऱ्यापैकी मागच्या कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा कोरलेली असते. तुमचं काम त्यात बसतं. गॅसची टाकी मात्र बसत नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा. १४.२ किलो गॅस आणि लोखंडी टाकीचे पंधरा-सोळा, मिळून तीस किलो होतात. अडीनडीला लोक बांधतात, पण त्यासाठी वेगळं कॅरिअर लागतं.

आता दुकानात गेलात की गिअर किती आणि रंग कुठला हे बघण्याआधी खाली बसा आणि मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला आटे असलेलं भोक आहे का ते बघा. दोन्ही बाजूंना. आणि सीटखाली, मागच्या दोन दांड्यांवर वरच्या अंगाला आणखी दोन. या चार भोकांत ५ मिलिमीटरचे बोल्ट बसतात आणि त्यावर कॅरिअर उभं राहतं. मडगार्डलाही तिथेच वेगळी भोकं असतील तर उत्तम. ही भोकं नसतील तर सायकल कितीही देखणी असो, तुमच्या कामाची नाही.

रपेट
मी एमटीबीच सांगेन. आपल्याकडचे खड्डे बघता पुढे सस्पेन्शन पाहिजेच. शिवाय शेतरस्ता आहे म्हणताय.

फ्रीव्हील_अमळनेर
रपेटभाऊ, तुमचं म्हणणं समजलं, पण माझं सायकलचं दुकान आहे आणि या बाबतीत मला ठामपणे वेगळं सांगायचंय. पंधरा-वीस हजारांच्या सायकलीला जे सस्पेन्शन येतं ते स्प्रिंगचं, जड असतं. साध्या फोर्कपेक्षा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांपेक्षा, दीड-दोन किलो जास्त. पेडल मारताना तेच खाली-वर होतं आणि पायाचा जोर खातं. दोन पावसाळ्यांत आत पाणी-चिखल जाऊन अडकतं, मग ते सस्पेन्शनही राहत नाही आणि साधा फोर्कही नाही. माझ्याकडे असे फोर्क उघडायला येतात तेव्हा आतून गंजाचं लाल पाणी निघतं.

खड्डे सोसायचे ते टायरने. ७०० बाय ३८ किंवा ४० चा टायर, हवा बेताची, एवढ्यावर महामार्गाची कड आणि गावातला रस्ता आरामात निघतो. हायब्रिड घ्या, पण ज्या हायब्रिडला पुढे सस्पेन्शन नाही ती. आणि पातळ म्हणजे २८ किंवा ३२ चा टायर असलेली नको. फ्रेममध्ये ४० चा टायर आणि वर मडगार्ड मावतंय का, ते दुकानातच बोट घालून बघा.

टायरच्या बाजूला दोन आकडे कोरलेले असतात, ते वाचायची सवय लावा. ३८-६२२ म्हणजे रुंदी ३८ आणि रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. हे हायब्रिडचं माप. मोठ्या २९ इंची एमटीबीचं रिमही ६२२ च असतं. काळ्या घोडा सायकलचं २८ बाय दीड म्हणजे ६३५. वरून दोन्ही चाकं सारखीच दिसतात, पण हा टायर त्या रिमवर चढत नाही. खेड्यातल्या दुकानात तुम्हाला ६३५ चा माल हमखास मिळेल, ६२२ चा मिळेलच असं नाही. ट्यूब ताणली जाते, त्यामुळे ६३५ ची ट्यूब ६२२ मध्ये अडीनडीला चालून जाते. फक्त रिमचं व्हॉल्व्हचं भोक मोठं हवं, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हएवढं. बारीक भोक असेल तर गावठी व्हॉल्व्ह आत जाणार नाही. म्हणून सायकल घेताना मोठ्या भोकाचं रिम बघून घ्या. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब घातली तर पेट्रोल पंपावर हवाही भरता येते.

पांझरा_धुळे
गिअरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे बरेच जण म्हणतात, तापीचं खोरं सपाट, घाट लागतो तो चाळीसगावहून कन्नडकडे जाताना, मग गिअर कशाला? गिअर चढासाठी नको, वाऱ्यासाठी हवेत.

एप्रिल सरता सरता पश्चिमेचा वारा सुरू होतो, तो पावसाळाभर आहेच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. आता ताईंचा रस्ता बघा. पाळधी जळगावच्या पश्चिमेला. सकाळी जाताना वारा पाठीशी आणि बराच मंद. संध्याकाळी दमून घरी निघायच्या वेळेला तो तोंडावर, आणि दिवसभर तापून वाढलेला. बांभोरीला गिरणेच्या पुलावर चढलात की आडोसा म्हणून काही नाही. ताशी १५ किलोमीटरने सायकल चालतेय आणि समोरून ताशी १५ चा वारा आला, तर हवेचा रेटा चौपट होतो. त्यात दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा. एका गिअरच्या सायकलवर तिथे उभं राहून पेडल मारावं लागतं, आणि कॅरिअरवर ओझं असताना उभं राहिलं की सायकल डुलते.

पुढे एकच चकती आणि मागे सात किंवा आठ गिअर, एवढं पुरे. मागची सगळ्यात मोठी चकती ३२-३४ दात्यांची असेल तर वाऱ्यातही बसून, श्वास न लागता पाय फिरत राहतात. २१ गिअरच्या आकड्याला भुलू नका. त्यातले निम्मे एकमेकांसारखेच असतात आणि पुढच्या चकत्यांवर चेन सरकवणारा डिरेलर ही दुरुस्तीची एक वस्तू वाढते.

घोडास्टँड
राम राम मंडळी. वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन. काळ्या सायकलची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

सायकलवरून दुधाचे कॅन, केळीचे घड, चाऱ्याचे भारे वाहिले ते याच सायकलने. तिच्या मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२, कारण वजन मागे पडतं हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. नव्या सायकलींना दोन्हीकडे ३२ किंवा ३६. मागची चौकट लांब, त्यामुळे ओझं चाकाच्या फार मागे लोंबकळत नाही. चेनला पूर्ण झाकण. ताई, तुम्ही ओढणी-सलवारवाल्या असाल तर याचं मोल कळेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दोन पायांचं स्टँड. दहा किलोचं दळण कॅरिअरवर चढवताना सायकल सरळ, एका जागी उभी राहिली पाहिजे. साइड स्टँडवर तिरकी उभी असलेली सायकल अर्धं ओझं चढवताच आडवी होते, पिठाचा डबा फुटतो आणि हँडल कोणाच्या तरी पायावर.

तिचे दोषही सांगतो. वजन वीस किलोच्या पुढे, दांड्याचे ब्रेक पावसात नीट लागत नाहीत, आणि वाऱ्याचं धुळेकरांनी लिहिलंय ते खरंच आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर करायचे असतील तर हायब्रिडच घ्या. पण तिच्यावर हे स्टँड बसवून घ्या. मधोमध, पेडलच्या मागे बसणारं दोन पायांचं स्टँड वेगळं मिळतं.

गिरणाकाठ
केवढं शिकायला मिळालं एका दिवसात! काका, स्टँडचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी सलवार-कमीजच घालते, तेव्हा चेनचं झाकण यादीत लिहून घेतलं.

आता बॅगांचं सांगा. सॅक पाठीला लावून जावं म्हटलं तर मे महिन्यात जळगावला ४५ अंश. पाठ भिजून जाईल. लॅपटॉप कॅरिअरवर ठेवला तर हादऱ्याने बिघडेल, असं ऑफिसातले म्हणतात. मग ठेवायचा कुठे?

तापी_भुसावळ
सॅक नकोच. घामाचं एक झालं. दुसरं म्हणजे पाठीवरचं ओझं तुमच्या बैठकीवर येतं आणि खांदे धरतात. वजन सायकलने उचलायचं.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना खाली लटकणाऱ्या बॅगा घ्या, पॅनियर म्हणतात ते. वजन जितकं खाली, तितकी सायकल वळताना स्थिर. तेच दहा किलो कॅरिअरच्या वर उंच बांधले तर थांबताना, पाय टेकताना सायकल एका बाजूला ओढते. वीस लिटरचा पाण्याचा जार कॅरिअरवर उभा बांधून नेणाऱ्याला सिग्नलला थांबताना बघा, म्हणजे कळेल.

लॅपटॉप एका बाजूला, उभा, कॅरिअरच्या अंगाला. फोमच्या कव्हरात घालून बॅगेच्या वरच्या पट्ट्याला असा अडकवायचा की त्याची खालची कड बॅगेच्या तळाला टेकणार नाही, दोन-तीन बोटं अधांतरी राहील. खड्ड्यातला दणका तळातून येतो. कॅरिअरवर सपाट ठेवून दोरीने आवळला तर मात्र ऑफिसवाले म्हणतात ते होईल. दुसऱ्या बाजूला डबा आणि पाणी. पाण्याची बाटली आणि लॅपटॉप एका बॅगेत कधीही नको. शेवभाजीचा रस्सा तर नकोच नको.

रेक्झिन_चाळीसगाव
बॅगांवर मी सविस्तर लिहितो, कारण हेच माझं काम. मोटारसायकलची सीट कव्हरं आणि ताडपत्रीच्या बॅगा शिवतो.

विकतच्या चांगल्या जलरोधक पॅनियरची जोडी महाग पडते. ताईंच्या बजेटमध्ये सायकलच लहान करावी लागेल. त्यापेक्षा शिवून घ्या. ट्रकच्या ताडपत्रीचं जाड कापड घ्या, खताच्या गोणीचं नको. गोणी उन्हात ठिसूळ होते आणि एका उन्हाळ्यात तिचे धागे सुटायला लागतात.

बॅग शिवताना खरी गोम पाठीत आहे. आतून पाठ कडक नसेल तर सामानाच्या वजनाने कापड आत चाकाकडे फुगतं आणि तारांत जातं. चालत्या चाकात कापड गेलं तर चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून पाठीला आत सनपॅकची शीट घाला, निवडणुकीच्या पाट्यांना वापरतात ती. दोन थर, एक आडव्या नळ्यांचा, एक उभ्या. वजन काहीच नाही आणि वाकत नाही. वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठोकून तिला दोन हूक. हूक कॅरिअरच्या दांडीवर घट्ट बसले पाहिजेत, दांडी जाड-बारीक असते म्हणून आधी सायकल दुकानात आणायची आणि मगच हूक वाकवायचे. हुकांना आतून जुन्या ट्यूबचं रबर चढवा, खडखड थांबते आणि कॅरिअरचा रंगही जात नाही.

खालच्या टोकाला एक रबरी ताण हवा, त्याचा हूक ॲक्सलजवळ अडकवायचा. हा नसेल तर खड्ड्यात बॅग वर उडून हूक सुटतो. तोंड गुंडाळून बंद होणारं ठेवा, तीन घड्या मारून बक्कल. बॅगेला चेन (झिप) लावू नका, धुळीने आठवडाभरात अडकते आणि पावसात पाणी तिथूनच शिरतं. आणि मागच्या बाजूला चकाकणाऱ्या पट्टीचा तुकडा शिवाच. संध्याकाळी महामार्गावर मागून ट्रक येतात.

फ्रीव्हील_अमळनेर
वा भो, सनपॅकचं मस्त सांगितलं.

कॅरिअरबद्दल माझी भर. सीटच्या दांडीला एकाच ठिकाणी आवळून बसणारं कॅरिअर येतं, ते दिसायला सुटसुटीत असतं आणि दुकानात तेच पुढे करतात. त्याची ताकद नऊ-दहा किलोची. वजन पडलं की ते डावी-उजवीकडे फिरतं आणि बाजूच्या बॅगा थेट चाकावर. पाय खाली ॲक्सलपर्यंत उतरलेलं कॅरिअरच घ्या.

डिस्क ब्रेकवाली सायकल असेल तर मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा भाग, कुठे आहे ते पाहा. वरच्या दांडीवर असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो, मग वॉशर-नळ्या घालून पाय बाहेर काढावा लागतो. खालच्या दांडीवर, आतल्या कोपऱ्यात असेल तर काही अडचण नाही. ताईंच्या सपाट रस्त्याला रिमवर रबरी ब्लॉक दाबणारे व्ही-ब्रेक पुरतात, ब्लॉक कुठेही मिळतात, पण ओल्या रिमवर ते थोडे उशिरा धरतात हे ध्यानात ठेवून चालवायचं.

बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा) लावा आणि बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत पुन्हा एकदा आवळून घ्या. कॅरिअर तुटतं ते क्वचित, बोल्ट ढिला होऊन पडतं ते नेहमी.

सातपुडा_शहादा
काट्यांचं राहिलं. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ, बांधावर आपली बाभूळ, आणि पावसाळा सरला की सराटे. हायब्रिडच्या टायरला काटा सहज आरपार जातो. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड पट्टी येते ती घाला, आणि ट्यूबमध्ये सीलंट. सीलंट बारीक काट्याचं भोक चालता चालता बुजवतं. काटा दिसला की लगेच उपटू नका, आधी हवा आहे का ते बघा. काटा आत असताना बऱ्याचदा हवा टिकते आणि घर गाठता येतं.

सायकल दुपारी उन्हात उभी करू नका. ट्यूब तापून जुनी पंक्चरं सुटतात.

रपेट
ठीक, महामार्गापुरतं पटलं. पण शेतरस्त्याचं काय? पावसात काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरत नाही. तिथे जाड टायर कामी येतो ना?

सातपुडा_शहादा
जाड टायरला उलट जास्त माती चिकटते भाऊ. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर कुठलीच सायकल चालत नाही. बैलगाडीची चाकं जड होतात तिथे आपलं काय. त्या दिवशी सायकल डांबरी सडकेला कुलूप लावून ठेवायची आणि पायी जायचं. एरवी, कोरड्या दिवसांत, ४० चा टायर गाडरस्त्याला पुरतो. मडगार्ड आणि टायरमध्ये दोन बोटं जागा ठेवा आणि पावसाळ्यात बॅगेत बाभळीची एक काडी ठेवा. माती ओली असतानाच खरवडून निघते, वाळली की दगड.

तावदान
बॅटरीची ई-सायकल का नको? वाऱ्याचा प्रश्नच मिटला.

पांझरा_धुळे
चांगली सूचना. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर नोंदणीही लागत नाही, लायसन्सही नाही. पण ताईंच्या बजेटमध्ये चांगली बॅटरी असलेली बसत नाही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर बाहेर उभी राहिली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. सावलीत लावायची सोय असेल आणि बजेट वाढलं तर जरूर बघावी. बाकी सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. बिलात ते तपासून घ्या, तेवढ्यात स्टँड आणि दिवे निघतील.

गिरणाकाठ
आज दुकानात जाऊन आले. बिनसस्पेन्शनची हायब्रिड मिळाली, पुढे एक चकती, मागे आठ. चारही भोकं आहेत, ॲक्सलजवळ मडगार्डची वेगळी आहेत. रिमचं भोक मोठं. टायर ३५ चा आहे, ४० बसेल असं बोट घालून पाहिलं. अर्धं झाकण असलेलं चेनगार्ड ते लावून देतील.

एक अडचण. कॅरिअर बसवून त्यांच्याकडची एक बॅग लटकवून पाहिली तर पेडल मागे गेलं की टाच बॅगेला लागते. फ्रेम लहान आहे म्हणून असेल का? दुसरी सायकल शोधू?

फ्रीव्हील_अमळनेर
सायकल बदलू नका, बाकी सगळं जमलंय. आधी बॅग कॅरिअरवर मागे सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. फक्त बॅगेचं वजन ॲक्सलच्या फार मागे जाऊ देऊ नका, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरतं. मापासाठी, पेडलच्या मधल्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत टेप धरा. ४४-४५ सेंटीमीटर असेल तर नेहमीच्या बॅगेला जागा मिळते. कमी असेल तर बॅग वेगळ्या आकाराची करावी लागेल.

रेक्झिन_चाळीसगाव
ती मी सांगतो. बॅगेचा पुढचा खालचा कोपरा तिरका कापून शिवायचा. सीटवर बसून पेडलवर पाय ठेवा, घरच्या कोणाला तरी टाच जिथे जवळात जवळ येते तिथे कॅरिअरवर खडूने खूण करायला सांगा, तिथून दोन बोटं मागे कापाची रेषा. पुठ्ठ्याचा साचा कापून कॅरिअरला दोरीने बांधून एक चक्कर मारून बघा, टाच लागली नाही की तोच साचा शिवणाऱ्याकडे द्या. बूट रोजचेच घाला, चपलेवर माप घेऊ नका.

गिरणाकाठ
हे तर मला घरीच जमेल. उद्या साचा करते. आणि दळण? ते बॅगेत एका बाजूला दहा किलो झालं तर तोल जाईल ना?

घोडास्टँड
दोन डब्यांत पाच-पाच करा, दोन्ही बाजूंना सारखं. चक्कीवाल्याला सांगितलं की तो दोनदा ओततो. एकच डबा असेल तर तो कॅरिअरच्या मधोमध, आडवा, जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधायचा. पट्टी आधी कॅरिअरच्या दांडीखालून घ्यायची, डब्यावरून ताणून दुसऱ्या बाजूच्या दांडीखाली आणि परत तिरकी. प्लास्टिकची दोरी नको, ती ताणत नाही, खड्ड्यात सुटते. पीठ गरम असतं, झाकण घट्ट लावायच्या आधी थोडं निवू द्या.